रंग सांग

दादाचा फोन आला तेव्हा मी सपरात आल्याचं बेणं निवडत बसलो होतो. २०२४ चा एप्रिल सरत आला होता. अक्षय तृतीयेच्या आसपास आमच्या खटाव तालुक्यात आल्याची लागवड धरतात, त्यामुळं मान वर करायला सवड नव्हती. दादा म्हणाला, "दोन दिवस ये. गाडीचं वायरिंग बदलायचंय."

मी म्हटलं, "मी काय वायरमन हाय का? ते काम तुझं."

पलीकडनं थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाला, "हात हायत रं. रंग दिसत न्हाईत."

दादा ७२ च्या दुष्काळात मुंबईला गेला. तेव्हा तो सोळा वर्षांचा, मी बारा. गावात खडी फोडायचं काम निघालं होतं. त्यावर आई-वडील जायचे आणि दादाला एका गाववाल्या टॅक्सीवाल्यानं बरोबर नेलं. खारदांड्यात एका उस्तादाच्या हाताखाली तो गाड्यांचं वायरिंग शिकला. पुढं स्वतःची टपरी टाकली. डायनामो, सेल्फ, हॉर्न, अप्पर-डिपर, जे काही बॅटरीवर चालतं ते सगळं दादा करायचा. काळ्या-पिवळ्या पद्मिनी त्याच्या टपरीपुढं ओळीनं उभ्या असायच्या. त्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरनं कायमच्या गेल्या, टपरी त्याच्या आधीच बंद झाली होती. त्याच्या मनिऑर्डरीवर मी दहावी झालो, बहिणीचं लग्न झालं, विहिरीला कडं पडलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मधली एकोणीस वर्षं आम्ही दोघं भाऊ लग्नाकार्याला भेटायचो, "बरं हाय का" म्हणायचो आणि बाजूला व्हायचो. त्याचं कारण पुढं येईल.

साखरेनं दादाच्या डोळ्यांचे पडदे खराब केले. समोर माणूस उभा आहे एवढं त्याला कळतं, उजेड कळतो. पण लाल कोणती आणि तपकिरी कोणती, ते नाही.

बेणं झाकलं, बायकोला म्हटलं दोन दिवसांत येतो, आणि रात्रीची एस.टी. धरली.

खारदांडा म्हणजे मुंबईत असून मुंबईसारखं नसलेलं गाव. एका बाजूला पाली हिलचे बंगले, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे कोळ्यांची घरं, त्यांना चिकटून आमच्यासारख्या घाटावरनं आलेल्यांच्या खोल्या. गल्ली एवढी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागतं. किनाऱ्याला बोटी, बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील. पहिल्या दिवशी तो वास नाकात जातो, तिसऱ्या दिवशी कळत नाही. नावातच खार आहे, आणि हवेतही. लोखंड तर खातंच, पण तांब्यालाही सोडत नाही. वायरचं वरचं आवरण चांगलं दिसतं, सोललं की आत तांबं हिरवं झालेलं, बोटानं चुरलं तर भुकटी होते. आमच्याकडं विहिरीवरच्या स्टार्टरची तार वीस वर्षं टिकते. इथं पाच वर्षांत तिचं मातेरं होतं.

गाडी गल्लीत येत नाहीच. ती बाहेर मोकळ्या जागेत, बदामाच्या झाडाखाली, ताडपत्री टाकून उभी होती. कॉन्टेसा. १९८९ ची. दादानं ती ९८ साली एका गिऱ्हाइकाकडनं घेतली. पुतण्या तिला 'मसल कार' म्हणतो. अमेरिकेत साठ-सत्तर सालात मोठ्या इंजिनाच्या, लांब नाकाच्या गाड्या निघाल्या, त्यांना हे नाव. त्यानं मोबाईलवर दाखवल्या, आणि खरंच आमची कॉन्टेसा त्यांच्या चुलत घराण्यातली वाटते. लांब बॉनेट, रुंद खांदे, बसकी. दादा हसतो. म्हणतो, "दिसायला पैलवान, दम शेळीचा." हिंदुस्थान मोटर्सनं बंगालमधल्या उत्तरपाड्याला ही गाडी १९८४ पासून काढली. सांगाडा विलायतेतल्या व्हॉक्सहॉल गाडीचा, आणि सुरुवातीला आत इंजिन बसवलं दीड लिटरचं. एवढ्या जड गाडीला ते कुठलं पुरतंय! पुढं इसुझूचं १.८ चं आलं तेव्हा कुठं ती पळायला लागली. दादाची इसुझूवाली. २००२ मध्ये गाडी निघायची बंद झाली.

पुतण्या म्हणाला, अमेरिकेत त्या जुन्या गाड्यांचा अख्खा वायरिंगचा सेट अजून नवा मिळतो, कंपनीत होता तसाच, खोक्यात भरून घरी येतो. आपल्याकडं कॉन्टेसाचा कोण बनवणार? आपला आपणच बनवायचा. आणि घाई अशी, की गाडीचं पासिंग जूनमध्ये संपत होतं. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन नवं करावं लागतं. तिथं दिवे, इंडिकेटर, हॉर्न सगळं चालू दाखवावं लागतं. गाडीत तर चावी फिरवली की डॅशबोर्डमागनं जळका वास यायचा.

"दोन दिवस" म्हणाला होता दादा. लागले अकरा.

पहिल्या दिवशी त्यानं मला एकही वायर कापू दिली नाही. बॅटरीची अर्थ काढायला लावली, आधी अर्थ, मग दुसरी. का? तर पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मग म्हणाला, "आता बस खाली आणि पाठ कर." विलायती घडणीच्या गाड्यांच्या वायरिंगचा रंगांचा कायदा असतो. ॲम्बॅसिडरवर तो शिकला आणि हयातभर तोच धरून चालला. काळी म्हणजे अर्थ. तपकिरी बॅटरीतनं थेट येणारी, तिला मधे फ्यूज नाही, तिला सांभाळून. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी चावीनंतर फ्यूजमधनं गेलेली. निळी मोठ्या दिव्यांची: निळीवर पांढरी रेघ अप्पर, निळीवर लाल रेघ डिपर. लाल म्हणजे पार्किंग आणि मागचे बारके दिवे. हिरवीवर लाल रेघ डावा इंडिकेटर, हिरवीवर पांढरी उजवा. हिरवीवर जांभळी ब्रेकचा दिवा. नुसती जांभळी हॉर्न. चौसष्टाव्या वर्षी मी बदामाच्या झाडाखाली पाढे म्हणावेत तसे रंग म्हणत होतो आणि शेजारची कोळीण मावशी बोंबील उलटे करता करता हसत होती.

मला समजायला वेळ लागला नाही, कारण पाणी देणाऱ्याला वीज कळते. बॅटरी म्हणजे विहीर. तपकिरी मोठी वायर म्हणजे पाट. पाटातनं दंड फुटतात, दंडातनं साऱ्यात पाणी जातं. शेवटच्या साऱ्याला पाणी कमी पडलं तर दोष विहिरीचा नसतो, मधे कुठंतरी बांध झिरपतो किंवा पाट अरुंद असतो. दादानं हिशेब सांगितला: ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, त्याला केसासारखी वायर दिलीस तर दिवा मिणमिणेल आणि वायर तापेल. दिव्याला अडीचची, इंडिकेटरला एकची चालते, मेन जाडजूड. फरक एवढाच, की विजेला परत विहिरीत यावं लागतं. परतीची वाट म्हणजे गाडीची सगळी लोखंडी बॉडी. परतीची वाट बुजली, की गेलेलं पाणी गेलंच नाही असं होतं. हे वाक्य त्यानं सहज म्हटलं होतं. मी ते नीट ऐकलं असतं तर नवव्या दिवशीची फजिती टळली असती.

जुना जुडगा अख्खाच्या अख्खा, न तोडता बाहेर काढायचा होता. तोच आपला नकाशा. प्रत्येक टोकाला कागदी टेप लावायची, त्यावर पेनानं लिहायचं. पण एकोणीस वर्षांत दादानं आणि इतरांनी एवढे जोड मारले होते की रंगांच्या कायद्याची पार वाट लागली होती. निळी म्हणून धरावी, तर हातभर पुढं ती पिवळी झालेली. दादा शिव्या घालायचा, आणि मग म्हणायचा, "हा जोड माझाच असंल." बोटानं चाचपून ओळखायचा तो. त्याचा पीळ डावीकडचा असतो.

गडी पुढच्या सीटवर पाय बाहेर सोडून बसलेला, मी डॅशबोर्डखाली उताणा. वरनं एकच आवाज, "रंग सांग."

"हिरवी."

"रेघ?"

"रेघ दिसत न्हाई, मळलीय."

"थुंकी लाव, पूस, मग सांग."

दिवसभर हेच. वहिनी चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "भाऊजी, दोन दिवसांसाठी आलासा आणि कोळशाच्या खाणीतनं निघाल्यागत दिसायला लागलासा."

तिसऱ्या दिवशी मागची सीट काढली, पायाखालचा गालिचा उचलला. दरवाजाच्या कडेनं मागच्या दिव्यांकडं जाणारा जुडगा काळ्या नळीत होता. नळी ब्लेडनं उभी चिरली आणि आतनं माती सांडली. बारीक, राखाडी, मऊ. हातावर घेऊन बघितली. शेतकऱ्याला माती कळते. ही धूळ नव्हती. ओढ्याला पूर येऊन गेला की वावरात साचतो तो गाळ होता. मी काही बोललो नाही. पुढं पुढं चिरत गेलो. सीटखाली गाळ. दरवाजाच्या बिजागरीजवळ गाळ. डॅशबोर्डच्या मागं, स्टिअरिंगच्या उंचीला, फ्यूजच्या डब्याच्या पाठीमागच्या जोडात, तिथंही तोच गाळ वाळून चिकटला होता. मी उताण्याचा बसता झालो आणि हात छातीशी धरून उंची मापली.

आता ते कारण सांगतो.

२००५ च्या जुलैत वडील अंथरुणाला होते. २६ तारखेला दुपारी मी दादाला फोन केला की म्हातारा काही आजची रात्र काढत नाही, नीघ. तो म्हणाला, गाडीनं निघतो. संध्याकाळी फोन लागेना. आमच्याकडंही पाऊस लागून होता. रात्री वडील गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मढं ठेवलं, मग भावकी म्हणाली आता थांबण्यात अर्थ नाही, आणि थोरल्याचा मान असताना धाकट्यानं अग्नी दिला. दादा २८ ला संध्याकाळी आला, ट्रकमधनं, पायात चपला नाहीत. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "गाडी जपत बसला असशील. बा पेक्षा गाडी मोठी तुला." तो काहीच बोलला नाही. मान खाली घालून मांडवात बसला. पुढं वाटणीतही विहिरीकडचं रान त्यानं तोंडातनं शब्द न काढता मला सोडलं, आणि मी ते घेतलं.

मुंबईत त्या दिवशी काय झालं ते नंतर पेपरात वाचलं होतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आमच्या खटावात सबंध वर्षाला त्याच्या निम्मा पडला तरी लोक गूळ वाटतात. वाचलं होतं, पण पेपरातला आकडा वेगळा आणि हातातला गाळ वेगळा.

मी गाळाची मूठ दादाच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "हे फ्यूजच्या डब्यामागं निघालं."

त्यानं बोटांनी चोळून बघितलं. म्हणाला, "मिठीचा हाय."

"एवढं वर आलं होतं?"

"ह्याच्या वर. कलिन्याजवळ गाडी बंद पडली. दार उघडंना. काच उतरवून बाहेर आलो. शाळेतली दोन पोरं वाहत चालली होती, त्यांना ओढून टपावर घेतलं. रातभर तिघं टपावर. सकाळी पाणी उतरल्यावर पोरं घरी पोचवली, मग चालत सुटलो."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तू विचारलंस कधी?"

कोळीण मावशीनं तेवढ्यात हाक मारली, "गारी चालू झाली का नाय?" दादानं हात झटकले. मला म्हणाला, "नळी पुढं चिर. कुठवर आलास? रंग सांग." मी परत खाली शिरलो. आतमधे अंधार होता ते बरं झालं. बराच वेळ मला लाल दिसंना की हिरवी दिसंना, आणि वर तोही गप्प होता.

नवा जुडगा बांधायचं काम मात्र मला मनापासून आवडलं. दादाच्या जुन्या टपरीची एक लांब फळी होती. तिच्यावर जुना जुडगा पसरला, जिथं जिथं फाटा फुटतो तिथं खिळे ठोकले, आणि त्या खिळ्यांमधनं नव्या वायरी ओढत नेल्या. वैरणीची पेंढी बांधतो तसं मधे मधे बांधायचं. लग आणि थिंबल लोहार चाळीतनं पुतण्यानं आणले. वायरीच्या बाबतीत कोळीण मावशीच्या मुलानं डोकं चालवलं. तो म्हणाला, बोटीवर आम्ही साधं तांबं वापरतच नाही, कलई केलेलं वापरतो. भांड्याला आतनं कलई करतात तशी प्रत्येक बारीक तारेला कलई असते, खाऱ्या हवेचं तिच्यापुढं फारसं चालत नाही. महाग पडते, पण मागच्या दिव्यांपर्यंत आणि खालनं जाणाऱ्या सगळ्या वायरी आम्ही तसल्याच घेतल्या. त्यात सगळे रंग मिळेनात, मग टोकाला रंगीत टेपेचे वेढे देऊन कायदा पाळला. दादाचं त्यावर समाधान नव्हतं. "माझ्यामागं कुणी ही उघडली तर त्याला कळाया नको का?" असं चार वेळा म्हणाला.

मी डाग मारायला गेलो, तर त्यानं तेही अडवलं. डागलेली वायर त्या जागी ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्यानं तिथंच तुटते, म्हणून लग पकडीनं दाबून बसवायचा, वर गरम करून आवळणारी नळी चढवायची. प्लॅस्टिकची टेप नको, उन्हात तिचा चिकटा होतो, कापडी घे. पत्र्यातनं वायर जाते त्या भोकाला रबर बसव, नाहीतर पत्रा वायरीला करवतीसारखा कापतो. मोठ्या दिव्यांचा भार आधी डॅशबोर्डवरच्या स्विचमधनं जायचा, तिथं आता रिले बसवली, म्हणजे स्विचनं फक्त हुकूम द्यायचा, ओझं रिलेनं वाहायचं.

नवव्या दिवशी जुडगा गाडीत बसला. बॅटरी थेट जोडायची नाही, हीही दादाची शिकवण. मेन वायरीत मधे इंडिकेटरचा एक बल्ब जोडला. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि नवं वायरिंग जळायचं वाचतं. बल्ब पेटला नाही. मी मिशीवर हात फिरवला. मग बल्ब काढून पक्कं जोडलं. डावा इंडिकेटर लावला, टिकटिक सुरू झाली. दादा म्हणाला, "ब्रेक दाब." दाबला, आणि त्या टिकटिकीची चाल बदलली. पुतण्या मागनं ओरडला, "बाबा, ब्रेक दाबला की इंडिकेटरच मिणमिण करतोय, पार्किंग पण पेटलं!"

मी घाबरलो. नऊ दिवसांचं काम, म्हटलं सगळं उलटंसुलटं जोडलं वाटतं. दादा जागचा हलला नाही. कान टवकारून दोनदा ऐकलं आणि विचारलं, "डिकीतली काळी कुठं आवळलीस?"

"बॉडीला. तू म्हणालास तशी."

"रंग खरवडला होतास?"

नव्हता खरवडला. गाडीचा रंग इतका चांगला होता की मला जिवावर आलं. चकचकीत रंगावरच नट आवळून मोकळा झालो होतो. रंगातनं वीज जात नाही. परतीची वाट बुजलेली, म्हणून ब्रेकची वीज दुसऱ्या दिव्यांच्या वायरीतनं उलटी वाट काढत होती. पॉलिशपेपरनं रुपयाएवढी जागा घासून पांढरी केली, नट आवळला, वर व्हॅसलीन फासलं. टिकटिक सरळ झाली. दादा नुसता "हां" म्हणाला. त्याच्या उस्तादाकडनं त्यालाही एवढंच मिळायचं म्हणे.

संध्याकाळी अंधार पडल्यावर मोठे दिवे लावले. समोर बोटवाल्यांच्या खोलीची पांढरी भिंत होती. भिंत अशी उजळली की कोळ्यांची पोरं सावल्या पाडायला धावली. दादा गाडीतनं उतरून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. "डावा जरा खाली हाय," म्हणाला. पुतण्या म्हणाला, बाबा, तुम्हाला दिसतंय? तो म्हणाला, उजेड दिसतोय की. बघितलं तर खरंच डावा चार बोटं खाली होता.

पासिंग झालं. पुतण्यानं गाडी नेली, दादा मागं बसला होता, मी नव्हतो. अकराव्या दिवशी रात्री मला एस.टी.त बसवताना दादानं गोणपाट हातात दिलं. त्यात जुना जुडगा. भंगारवाला तांब्याचे चांगले पैसे देत होता, पण म्हणाला, "ने, कुठंतरी बांधाबुंधायला होईल." ते गोणपाट अजून सपरात आढ्याला टांगलेलं आहे. त्यातलं मी काही वापरलेलं नाही.

आल्याची लागवड यंदा उशिरा झाली. बायको बरेच दिवस बोलली त्यावर. दादाचा फोन मात्र आता रोज संध्याकाळी येतो. बेंदराला गाडी घेऊन येतो म्हणालाय. लागवडीनंतर पंधरा दिवस झाले तरी कोंब दिसंना, तसं त्याला सांगितलं, तर म्हणतो कसा, "अर्थ नीट लागली नसंल बघ. रंग खरवडला होतास का?"